बाथमध्ये हायपोक्सिया पोहोचलाच नव्हता: वडोदऱ्यातील एका फुप्फुसीय-धमनी प्रयोगाचे प्रकरण

वडोदऱ्यातल्या एका प्रयोगशाळेतली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. जेआरएफची (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची) दोन वर्षे संपायला सहा आठवडे उरलेले. दोन वर्षांनंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळायची तर समितीपुढे काम दाखवावे लागते. शिष्यवृत्ती महिना ३७,००० वरून ४२,००० होणे हा त्यातला लहान भाग; विषय पुढे चालू ठेवायचा की बदलायचा हेही तिथेच ठरते. तिचा विषय होता फुप्फुसीय उच्चरक्तदाब झालेल्या उंदरांच्या फुप्फुसीय धमनीत ऑक्सिजन कमी पडल्यावर होणारे आकुंचन कसे बदलते. चौदा महिन्यांत ३८ रिंगांवर (धमनीच्या कापलेल्या छोट्या कड्यांवर) हायपोक्सिया, म्हणजे ऑक्सिजनची कमतरता, देऊन झाला होता आणि दोन अपवाद सोडता दरवेळी पडद्यावर जवळपास सपाट रेष आली होती. आजारी उंदरांत नाही, निरोगी उंदरांतही नाही.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. माणसे काल्पनिक आहेत. चुका मात्र ऑर्गन बाथवर (शरीराबाहेर काढलेली धमनी द्रावणात जिवंत ठेवून तिचे आकुंचन मोजायच्या भांड्यावर) काम करणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील. प्रकरणातले आकडे अशा मांडणीत भेटतात त्या मर्यादेतले धरले आहेत.

समितीसाठीच्या सारांशाचा मसुदा तयार होता. त्यातले मुख्य वाक्य असे: 'विस्टर उंदराच्या वेगळ्या काढलेल्या फुप्फुसीय धमनीत हायपोक्सियाने आकुंचन होत नाही.' वाक्य नेटके होते, आकडेही होते. अडचण एवढीच, की ते खरे असेल तर शरीरक्रियाशास्त्राचा एक जुना, पुन्हा पुन्हा तपासलेला पाया कोसळतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने पाया पाडणे अशक्य नाही, पण आधी आपली कुदळ तपासावी.

जे व्हायला हवे होते

शरीरातल्या बाकीच्या धमन्या ऑक्सिजन कमी झाला की सैलावतात, म्हणजे त्या भागाला जास्त रक्त मिळते. फुप्फुसातल्या लहान धमन्या नेमक्या उलट वागतात. ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही तिथल्या धमन्या आखडतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. फुप्फुसीय धमनीचा दाब ऑक्सिजनअभावी वाढतो याच्या नोंदी ब्रॅडफर्ड आणि डीन यांनी १८९४ मध्येच केल्या होत्या. पण गोष्ट पक्की झाली ती १९४६ मध्ये, स्वीडनमध्ये, ऊल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्त्राँद यांनी मांजरांना कमी ऑक्सिजनचे मिश्रण हुंगवून फुप्फुसीय धमनीतला दाब मोजला तेव्हा. रक्त हवेच्या मागे जाते, हा अर्थही त्यांनीच लावला. पुढच्याच वर्षी कूर्नाँ यांच्या गटातून माणसांवरचे मोजमाप आले. फॉन ऑयलरना १९७० चे नोबेल मिळाले ते नॉरअॅड्रेनॅलिनच्या कामासाठी. फुप्फुसाचा हा शोध त्यांच्या कारकिर्दीत बाजूचा ठरला. कूर्नाँ मात्र रिचर्ड्स आणि फोर्समान यांच्यासह १९५६ मध्ये ज्या हृदय-नलिकेच्या तंत्रासाठी गौरवले गेले, त्या तंत्रावरच या शाखेचे सगळे मोजमाप उभे आहे.

या शाखेतल्या कारकिर्दी पाहिल्या तर एक गोष्ट खटकण्याइतकी समान दिसते: कल्पनेआधी मोजण्याची युक्ती येते. आपल्याकडचे उदाहरण शरीरक्रियाशास्त्रज्ञ औतार सिंग पेंटल यांचे. एकेका चेतातंतूचे संदेश वेगळे करून नोंदवण्याचा हात बसला, म्हणून १९५० च्या दशकात त्यांना फुप्फुसाच्या केशवाहिन्यांजवळचे 'जे' संवेदक सापडले. आकुंचनाच्या बाबतीतही तेच. ते स्नायूपेशीतच होते, बाहेरून कोणी हुकूम देत नाही, हे कळायला लहान धमन्या आणि मग एकेकट्या स्नायूपेशी हाताळता येईपर्यंत, म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९२ पर्यंत, थांबावे लागले. १९९२ मध्येच पोस्ट, ह्यूम, आर्चर आणि वियर यांनी हायपोक्सियाने पोटॅशियम वाहिन्या मंदावतात हे दाखवले. ऑक्सिजनची कमतरता पेशी नेमकी कशाने ओळखते, मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून) निघणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तेव्हा वाढतात की घटतात, यावर आजही दोन तट आहेत. त्या भांडणाचा एक मोठा हिस्सा 'मोजलेत कशाने' याचाच आहे.

मांडणी

प्रयोगशाळेत चार बाथ होते, प्रत्येकी २५ मिलिलिटरचे, भोवती गरम पाण्याचे आवरण. बलमापक ट्रान्सड्यूसर, संगणकावर नोंद. अगदी बारीक धमन्यांचे आकुंचन मोजणारे यंत्र, वायर मायोग्राफ, नव्हता. देशातल्या बऱ्याच औषधशास्त्र विभागांत हीच स्थिती असते, तेव्हा त्यात काही कमीपणा नाही. पण या विषयाला तो मोठा अडथळा ठरतो, आणि ते विषय निवडताना कोणी बोलले नव्हते.

धमनी जिवंत ठेवणारे क्षार-साखरेचे क्रेब्स द्रावण रोज ताजे. एका लिटरला मीठ ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, कॅल्शियम क्लोराइड (दोन रेणू पाण्याचे) ०.३७, मॅग्नेशियम सल्फेट (सात रेणू पाण्याचे) ०.३०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २ ग्रॅम. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, तेही द्रावणातून निदान दहा मिनिटे कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) सोडल्यावर. आधी टाकले तर द्रावण पांढुरके होते आणि ते सरळ ओतून द्यावे लागते. गाळून वापरणारे महाभाग असतात. गाळल्यावर द्रावण स्वच्छ दिसते, पण कॅल्शियम किती उरले ते देव जाणे.

उंदराला भूल देऊन हृदय-फुप्फुसे एकत्र काढायची, बर्फगार क्रेब्समध्ये ठेवायची, तळाला सिलिकॉनचा थर असलेल्या डिशमध्ये टाचण्या लावून धमनी सोडवायची. दोन ते तीन मिलिमीटरच्या रिंगा, स्टेनलेस स्टीलच्या दोन तारांवर. सुरुवातीचे चार महिने तिने दोन ग्रॅमचा ताण दिला होता, कारण विभागाची वही महाधमनीसाठी लिहिलेली होती. फुप्फुसीय धमनी ही कमी दाबाची नळी. निरोगी माणसात तिथला सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. २० च्या वर गेला की त्याला रोग म्हणतात. तिला महाधमनीइतके ताणले तर भिंत फाटत नाही, पण स्नायू आपल्या सोयीच्या लांबीपलीकडे जातो. ही चूक तिची तिनेच पकडली होती: पाव-पाव ग्रॅमने ताण वाढवत प्रत्येक पायरीवर पोटॅशियमने होणारे आकुंचन मोजले आणि एक ग्रॅमच्या जरा खाली ते सर्वाधिक मिळाले. नंतरच्या सगळ्या रिंगा त्या ताणावर होत्या.

पुढचा क्रम ठरलेला. ताण देऊन तासभर स्थिरावणे, दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलणे. ८० मिलिमोलर पोटॅशियम दोनदा, तेवढेच सोडियम कमी करून. मग धमनी आखडवणारे फेनिलेफ्रिन एक मायक्रोमोलर, त्यावर दहा मायक्रोमोलर अॅसिटिलकोलिन. रिंग साठ-सत्तर टक्के सैलावली तर आतला एंडोथेलियमचा थर शाबूत, दहाच्या आत राहिली तर तो गेला असे समजायचे. तार आत घालताना एकदा घासली की थर जातो, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत हेच झाले होते. वर्षानुवर्षे धमनीच्या पट्ट्या अॅसिटिलकोलिनने आखडत होत्या, कारण पट्टी कापतानाच हा थर निघून जात होता. थर टिकवला की तीच धमनी सैलावते, हे १९८० मध्ये छापले गेले आणि १९९८ च्या नोबेलपर्यंत पोहोचले. आपल्या विद्यार्थिनीचे एंडोथेलियम उत्तम होते. तिचा हात चांगला होता, ही गोष्ट या प्रकरणात विसरू नये. नंतर तिला उपयोगी पडली ती तीच.

हायपोक्सिया देताना ती कार्बोजेनची कळ बंद करून नायट्रोजनची उघडत असे, वीस मिनिटे थांबत असे आणि रेष बघत असे.

कशाकशावर संशय गेला

पहिला संशय प्राण्यांवर. वय, वजन, लिंग, पुरवठादार बदलून पाहिले. मग भूल बदलली. मग उंदरांना आजारी करायला वापरलेल्या मोनोक्रोटॅलिनवर संशय. हे विष क्रोटॅलॅरिया वंशातल्या वनस्पतींचे. पिकलेल्या शेंगेत बी वाजते म्हणून मराठीत त्यातल्या काहींना खुळखुळा म्हणतात. हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो तागही याच वंशातला. किलोला ६० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन त्वचेखाली, तीन ते चार आठवड्यांत उंदराला फुप्फुसीय उच्चरक्तदाब. भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, मग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणावा लागतो. तिचे औषध काम करत होते: उजव्या जवनिकेचे वजन भागिले डाव्या जवनिकेचे पडद्यासकट वजन, हे गुणोत्तर निरोगी उंदरांत पावच्या आसपास, इंजेक्शनवाल्यांत त्याच्या दुपटीकडे. म्हणजे रोग होता. पण निरोगी उंदरांतही आकुंचन नसल्यावर रोगाचा दोष कसला? या संशयात दोन महिने आणि अकरा प्राणी गेले.

मे महिन्यात मार्गदर्शकांनी मसुदा वाचला आणि एकच विचारले, "यात महाधमनी कुठे आहे?"

"सर, आपला विषय फुप्फुसीय धमनी आहे ना."

"म्हणूनच विचारतोय. त्याच उंदराची महाधमनी शेजारच्या बाथमध्ये लाव. हायपोक्सिया खरा असेल तर ती सैलावली पाहिजे. ती हलली आणि फुप्फुसीय हलली नाही, तर तुझा निष्कर्ष उभा राहील. दोन्ही हलल्या नाहीत तर तू उंदराला प्रश्न विचारलेलाच नाहीस."

चौदा महिन्यांत ही रिंग लावली गेली नव्हती. कारण अगदी साधे होते: प्राणीप्रयोगाच्या मंजूर अर्जात ती लिहिलेली नव्हती आणि चार बाथ अपुरे पडत होते. पण महाधमनी काढायला वेगळा प्राणी लागत नाही, ती त्याच छातीत असते आणि एरवी कचऱ्यात जाते.

दुसऱ्या दिवशी फेनिलेफ्रिनने आखडलेली महाधमनी आणि फुप्फुसीय धमनी शेजारीशेजारी बसवल्या. नायट्रोजन सुरू केला. वीस मिनिटांत दोन्ही रेषा सपाट.

इथे एक सावधगिरी. आखडून ठेवलेली, एंडोथेलियम शाबूत असलेली महाधमनी हायपोक्सियात पहिल्या काही मिनिटांत थोडी आणखी आखडू शकते, कारण नायट्रिक ऑक्साइड बनायला ऑक्सिजन लागतो आणि त्याचा सैलावणारा हात आधी सुटतो. म्हणून निर्णय पहिल्या पाच मिनिटांवर घ्यायचा नाही. पंधराव्या मिनिटाला काय आहे ते बघायचे. तिच्या नोंदीत पंधराव्या मिनिटालाही काही नव्हते.

पांढरा थर

पुढचा धागा काचसामान धुणाऱ्या काकांनी दिला. दांडिया बाजारातलेच, तिच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडचे, तीस वर्षे याच इमारतीत. ती बाथ सोडवत होती तेव्हा म्हणाले, "ताई, या दोन बाथना दर शनिवारी पांढरा थर चढतो. बाकीच्या दोघांना नाही. नुसत्या पाण्यानं जात नाही, व्हिनेगर घातलं की फसफसून निघतो."

फसफसणारा पांढरा थर म्हणजे कार्बोनेट. आणि ज्या दोन बाथना तो चढत होता, त्यातच नायट्रोजन सोडला जात होता.

सिलिंडरवरची चिठ्ठी पाहिली. 'नायट्रोजन'. नुसता. मागणीपत्राची प्रत काढली तर कार्बोजेनसमोर नीट ९५:५ लिहिलेले, आणि खालच्या ओळीत फक्त 'नायट्रोजन, १ नग'. ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण मुद्दाम भरून घ्यावे लागते, दरपत्रक वेगळे, वेळही जास्त. शुद्ध नायट्रोजन शहरातल्याच मकरपुऱ्यातून दुसऱ्या दिवशी येतो. पहिल्या महिन्यात कोणीतरी घाईत सोपे ते लिहिले आणि नंतर दरवेळी मागचीच ओळ उतरवली गेली. पुरवठादाराने मागितले तेच दिले.

बायकार्बोनेटचे द्रावण कार्बन डायऑक्साइडवर उभे असते. २५ मिलिमोलर बायकार्बोनेट आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असेल तर पीएच ७.४ च्या आसपास राहतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब निम्मा झाला की पीएच ०.३ ने चढतो, आणखी निम्मा झाला की आणखी ०.३ ने. बाथमधले द्रावण वीस मिनिटांनी काढून मोजले तर ८ च्या जवळ. अशा अल्क (आम्लाच्या उलट) द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट आणि फॉस्फेटच्या रूपात खाली बसतो. तोच काकांचा थर. म्हणजे एकीकडे स्नायूला आखडायला लागणारे कॅल्शियम घटते, दुसरीकडे अल्कता. अखंड प्राण्यात आणि रक्तप्रवाह चालू ठेवलेल्या वेगळ्या फुप्फुसातही अल्कता वाढली की हायपोक्सियाचे आकुंचन मंदावते, हे जुने ज्ञान आहे. तिने प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देणाऱ्याचा गळा दाबला होता.

इथे बहुतेक जण थांबतात: सिलिंडर बदला आणि पुढे चला. मार्गदर्शकांनी थांबू दिले नाही, कारण पीएचने फुप्फुसीय धमनी गप्प झाली हे पटते, पण महाधमनी का सैलावली नाही याचे पूर्ण उत्तर त्यात नाही.

ऑक्सिजन मोजला तेव्हा

बाथमधला ऑक्सिजन चौदा महिन्यांत एकदाही मोजला गेला नव्हता. 'नायट्रोजन सोडला' म्हणजे 'ऑक्सिजन गेला' असे धरले होते. विभागात सूक्ष्म इलेक्ट्रोड नव्हता. शेजारच्या पर्यावरण विभागातून पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा साधा मीटर आणला. तलावाचे पाणी तपासायचे यंत्र, पण तत्त्व तेच. शून्य लावायला सोडियम सल्फाइटचे द्रावण, वरचे टोक लावायला ३७ अंशांवर हवेने तृप्त केलेले क्रेब्स. हवेने तृप्त द्रावणात मीटर साडेसहा मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास दाखवतो आणि तो पाऱ्याच्या १५० मिलिमीटर दाबाइतका. म्हणजे एक मिलिग्रॅमला अंदाजे २३ मिलिमीटर. या मीटरची काडी बोटाएवढी जाड असते, रिंगसोबत बाथमध्ये मावत नाही. म्हणून रिंग न लावता, बाकी सगळे तसेच ठेवून, कोरडा सराव केला. काडीच्या टोकाशी द्रावण हलते असावे लागते, नाहीतर ती स्वतःच ऑक्सिजन खाते आणि खोटा कमी आकडा दाखवते.

नायट्रोजन सुरू करून वीस मिनिटांनी आकडा आला ३.१. म्हणजे सत्तर मिलिमीटर. महाधमनी सैलावायला किंवा फुप्फुसीय धमनी नीट आखडायला हे पुरेसे नाही. वेगळ्या रिंगांवर काम करणारे वीस ते चाळीसच्या पट्ट्यात जातात.

सत्तरवर का अडकले, याची कारणे एकेक करून निघाली. नोंदीतली थरथर टाळायला बुडबुडे फार मंद ठेवलेले होते. बाथचे तोंड उघडे, त्यामुळे वरून खोलीतली हवा सतत मिसळत होती. सिलिंडरपासून बाथपर्यंत दोन मीटर सिलिकॉनची नळी होती. सिलिकॉन ऑक्सिजनला जवळजवळ अडवत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हायपोक्सियाच्या मध्यात औषध धुवायला ती ज्या मोठ्या बाटलीतून द्रावण घेत होती, त्या बाटलीत कार्बोजेन चालू होता. म्हणजे दर धुण्याला सहाशेच्या आसपास दाबाचा ऑक्सिजन आत येत होता.

मग एक कोडे उरते: ऑक्सिजन अर्धवट राहिला, पण कार्बन डायऑक्साइड एवढा कसा गेला? कारण खोलीची हवा ऑक्सिजन परत देते, कार्बन डायऑक्साइड देत नाही. हवेत तो ०.०४ टक्के. नायट्रोजन आणि खोलीची हवा दोघेही त्याला बाहेरच काढतात. एकाच गळतीने एक वायू टिकला आणि दुसरा गेला. मसुद्यातल्या 'हायपोक्सिया' या शब्दाचा खरा अर्थ होता 'सौम्य ऑक्सिजनघट, शिवाय तीव्र अल्कता, शिवाय कॅल्शियमची तूट'.

दुरुस्ती

मिश्रणाचा सिलिंडर विश्लेषण प्रमाणपत्रासह मागवला. सिलिकॉनच्या जागी शक्य तिथे काच आणि स्टीलची बारीक नळी, सांध्यापुरती जाड भिंतीची प्लास्टिकची. बाथच्या तोंडावर अॅक्रिलिकची झाकणे, धाग्यासाठी अरुंद खाच ठेवून. विभागाच्या कार्यशाळेत एका दुपारचे काम. द्रावणाची दुसरी बाटली, तीही ३७ अंशांवर, तिच्यात हायपोक्सियाचे मिश्रण चाळीस मिनिटे आधीपासून सोडलेले. हायपोक्सिया द्यायचा म्हणजे नुसती कळ फिरवायची नाही. बाथ रिकामा करून या बाटलीतून भरायचा, म्हणजे सहाशेवरून उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. बुडबुडे जोरात, पण रिंगेपासून लांब, बाथच्या कडेला. पुन्हा मोजले: पाच मिनिटांत १.२, म्हणजे २८ मिलिमीटरच्या घरात. पीएच ७.४.

मध्येच वडोदऱ्याच्या मे महिन्याने आपला हिस्सा मागितला. दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, खोली चाळिशीपार. पाण्याच्या बाथला तापवता येते, थंड करता येत नाही. नियंत्रक ३७ वर लावलेला आणि थर्मामीटर ३९. त्या दोन दिवसांच्या नोंदी काढून टाकल्या. तेव्हाच एक जुने कोडेही सुटले. हिवाळ्यात दोन रिंगांत 'आकुंचन' दिसले होते आणि तिने ते आशेने जपून ठेवले होते. ट्रान्सड्यूसर ज्या भिंतीजवळ होते तिथेच एसीचा झोत येत असे. झोत सुरू झाला की रिकाम्या ट्रान्सड्यूसरचीही रेष त्याच वेगाने चढते हे तिने पाहिले. दोन्ही नोंदी वगळल्या. पुढे प्रयोग सकाळी सहाला सुरू करून अकराच्या आत संपवायचे ठरले.

शेवटची दुरुस्ती धमनीची. आतापर्यंत ती मुख्य फुप्फुसीय धमनी वापरत होती, कारण ती मोठी आणि सोपी. पण हे आकुंचन प्रामुख्याने फुप्फुसाच्या आतल्या लहान धमन्यांचे काम. मोठी नळी कधी थोडी आखडते, कधी सैलावतेही. मायोग्राफ नसल्याने शे-दोनशे मायक्रॉनच्या फांद्या शक्य नव्हत्या. तडजोड म्हणून फुप्फुसात शिरल्यावरची पहिली शाखा, साधारण मिलिमीटरभर जाडीची, बारीक तारांवर बसवली. इथे तिचा हात कामी आला. या शाखेला आधी थोडा ताव द्यावा लागतो. पूर्ण सैल धमनीला हायपोक्सिया अनेकदा ऐकूच येत नाही. धमनी आखडवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फाने, पाच मायक्रोमोलर देऊन, पोटॅशियमच्या आकुंचनाच्या दहा-पंधरा टक्क्यांइतका ताण आणून मग हायपोक्सिया.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नऊ निरोगी रिंगांपैकी सातांत अपेक्षित द्विपदरी उत्तर आले: पहिल्या दोन-तीन मिनिटांत एक टोक, मग उतार, मग चाळीस मिनिटांपर्यंत हळूहळू चढत गेलेला दुसरा पदर, पोटॅशियमच्या आकुंचनाच्या पाव हिश्शाजवळ. शेजारची महाधमनी पंधराव्या मिनिटाला स्पष्ट सैलावलेली. ज्या दोन रिंगांत दुसरा पदर आला नाही, त्यांची अॅसिटिलकोलिनची चाचणी चाळिशीच्या आत होती. दुसऱ्या पदराला एंडोथेलियमची साथ लागते, त्यामुळे हे जुळणारे होते. तरी दोन रिंगांवरून ते सिद्ध झाले असे तिने लिहिले नाही. पहिल्या टोकावरही तिने भर दिला नाही, कारण तसे क्षणिक टोक महाधमनीतही येते. फुप्फुसाचे वेगळेपण दुसऱ्या, टिकणाऱ्या पदरात शोधायचे असते.

चौदा महिन्यांचे काय करायचे

तीन मते होती. एक: जुने काही सांगायचेच नाही, नव्या नऊ रिंगा दाखवायच्या. दोन: विषय बदलून मोनोक्रोटॅलिनच्या उंदरांची ऊतीतपासणी आणि उजव्या जवनिकेचे वजन एवढ्यावर प्रबंध उभा करायचा. तीन: जुन्या कामाची छाननी करून काय टिकते आणि काय नाही ते समितीपुढे ठेवायचे.

तिने तिसरे निवडले, आणि आमच्या मते ते नुसते प्रामाणिक नव्हते, फायद्याचेही होते. छाननीत बरेच टिकले. कार्बोजेनमध्ये झालेल्या पोटॅशियम, फेनिलेफ्रिन आणि अॅसिटिलकोलिनच्या नोंदींना गॅसच्या चुकीचा स्पर्श नव्हता. पहिल्या चार महिन्यांच्या, दोन ग्रॅम ताणावरच्या, वगळून बाकीच्या वापरण्याजोग्या होत्या. मोनोक्रोटॅलिनच्या उंदरांत अॅसिटिलकोलिनचे सैलावणे कमी होते, हे त्यातूनच निघाले. हायपोक्सियाच्या ३८ नोंदी मात्र सगळ्याच गेल्या. त्यांना 'नकारात्मक निष्कर्ष' म्हणणे चूक ठरले असते. नकारात्मक निष्कर्षाला आपण नेमके काय दिले हे माहीत असावे लागते. इथे जे दिले ते मोजलेलेच नव्हते.

प्राण्यांचा हिशेब अवघड गेला. मंजूर संख्या जवळपास संपली होती. नैतिकता समितीकडे सुधारित अर्ज करताना 'प्रयोगात तांत्रिक अडचण' असे मोघम लिहिले तर तो परत येतो, आणि यावाच. तिने वाया गेलेल्या प्राण्यांची संख्या, कारण, मोजमापाचे दोन्ही तक्ते आणि यापुढे प्रत्येक प्राण्यातून फुप्फुसीय धमनीच्या चार आणि महाधमनीच्या दोन रिंगा कशा घेणार हे लिहिले. एक रिंग प्रत्येक वेळी पूर्ण काळ कार्बोजेनमध्येच राहील, नुसत्या वेळेने किती फरक पडतो ते कळायला. मागितलेल्या संख्येपेक्षा थोडी कमी मंजूर झाली.

एसआरएफच्या बैठकीत बाहेरच्या तज्ज्ञांनी नऊ रिंगांवर फार वेळ घालवला नाही. त्यांनी ऑक्सिजनचा तक्ता मागवून घेतला, मीटरचे शून्य कशावर लावले ते विचारले आणि मग एक प्रश्न टाकला ज्याचे उत्तर तिच्याकडे त्या दिवशी नव्हते: आजारी उंदराच्या धमनीची भिंत जाड झालेली असते, पोटॅशियमला ती देते ते आकुंचनच बदललेले असू शकते, मग हायपोक्सियाचे आकुंचन 'पोटॅशियमच्या टक्क्यांत' सांगितले तर भाजकच हलला, तुलना कसली?

शिष्यवृत्ती पुढे चालू झाली. त्या प्रश्नावर पुढचे तीन आठवडे गेले आणि ठरले ते असे: प्रत्येक रिंगचे वजन आणि लांबी प्रयोग संपल्यावर मोजायची, आकुंचन रिंगच्या लांबीवर मिलिन्यूटनमध्ये आणि पोटॅशियमच्या टक्क्यांत अशा दोन्ही स्तंभांत द्यायचे, आणि दोन्ही एका दिशेला गेले तरच रोगाने आकुंचन बदलले असे म्हणायचे. पहिल्या चार आजारी उंदरांत ते दोन स्तंभ एका दिशेला गेलेले नाहीत.